मदत हवी आहे: नजर बटणावर, पण क्लिक नाही

नमस्कार मंडळी, एका फॉर्मच्या वेब पानाची आय ट्रॅकिंग (वापरणाऱ्याची नजर पानावर कुठे फिरते ते टिपणारी) चाचणी घेतली. हीटमॅपवर, म्हणजे नजर जिथे जास्त तिथे लाल दाखवणाऱ्या चित्रावर, ‘पुढे जा’ बटणाभोवती लालभडक डाग, म्हणजे नजर तिथे रेंगाळते. क्लिक मात्र जेमतेम. ती रस वाटून रेंगाळली की काही कळेना म्हणून, हे कसं ओळखायचं? हीटमॅपवर दोन्ही सारखंच दिसतं. उजवीकडच्या सूचनांकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, बहुधा जाहिरात समजत असावेत. (वेबसाइटचा वापर अभ्यासणाऱ्या नील्सन नॉर्मन ग्रुपला २००६ साली २३२ जणांत दिसलेला नजरेचा इंग्रजी ‘एफ’चा आकार, म्हणजे वर आडवी आणि मग डाव्या कडेने खाली उतरणारी नजर, इथेही आहेच, त्यामुळे सूचना डावीकडे हलवतोय.) अडलंय ते बटणापाशी. चाचणीनंतर त्याच व्यक्तीला नजरेचं रेकॉर्डिंग दाखवून बोलतं करण्याचा कोणाला अनुभव आहे का? आणि एवढ्याशा बटणासाठी वेबकॅमची नोंद चालेल, की इन्फ्रारेड यंत्रच लागेल?