दोन एअरलाइन एक होतायत, नवऱ्याला 'नाही' मत द्यायचंय. तुम्ही काय केलं असतं?

जाईजुई

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि घरचंच लिहितेय. नवरा इथे अमेरिकेत एका एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर (म्हणजे को-पायलट) आहे, कुठली ते नको, आणि ती कंपनी दुसऱ्या एका कंपनीत विलीन होतेय. दोन्हीकडच्या पायलट लोकांसाठी मिळून एकच करार ठरलाय, त्यावर युनियनचं मतदान चालू आहे, गुरुवारी दुपारी बंद. पगारवाढ चांगली आहे, रिटायरमेंटमध्ये कंपनीचा वाटा वाढतोय. नवरा म्हणतो नाही. मी म्हणते हो. तीन आठवडे घरात दुसरा विषय नाही, आता आठ वर्षांची पोरगी पण जेवताना विचारते, बाबा यस का नो.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे पायलटचं सगळं आयुष्य एका आकड्यावर चालतं, सिनिऑरिटी नंबर. कुठलं विमान, कुठला बेस, कॅप्टन कधी होणार, दिवाळीत घरी का डेन्व्हरच्या हॉटेलात, आणि मंदी आली की आधी घरी कोण बसणार, सगळं त्यावर. तुम्ही कामाला किती चांगले याला काही किंमत नाही, लागलात कधी ते बघतात. कंपनी सोडून दुसरीकडे गेलात की परत रांगेत शेवटी, वीस वर्षांचा अनुभव असला तरी. आमच्या फ्रिजवर एक छोटा पांढरा बोर्ड आहे त्यावर तो आकडा असतो. दर महिन्याला वरची ६५ पूर्ण झालेली मंडळी रिटायर होतात तेवढा आकडा कमी होतो, मग हा अंगठ्याने जुना पुसून नवीन लिहितो. लग्नाचा वाढदिवस दोनदा विसरलाय, हे कधी नाही.

आता दोन कंपन्यांच्या सिनिऑरिटीच्या याद्यांची एक यादी होणार म्हणून सगळ्यांच्या पोटात गोळा. त्याला करारात खुपतंय ते म्हणजे छोट्या विमानांचं उड्डाण बाहेरच्या स्वस्त कंपन्यांना देण्यावर जी मर्यादा होती ती सैल केलीय. बरोबर आहे त्याचं, पण मला वाटतं ताटात वाढलंय ते घ्यावं. २००८ मध्ये डेल्टा आणि नॉर्थवेस्टच्या पायलटनी हेच केलं की. कंपन्या कागदोपत्री एक व्हायच्या आधीच, ऑगस्टमध्ये, दोन्हीकडे मतदान होऊन एकत्र करार मंजूर, वर नव्या कंपनीचे शेअर्स मिळाले. ऑक्टोबरच्या शेवटी विलीनीकरण, डिसेंबरमध्ये लवादाने एकत्र सिनिऑरिटी यादी ठरवून दिली, विषय संपला.

मत सांगा. नवऱ्याला हा धागा दाखवणार आहे, तेव्हा जरा सांभाळून.

उंटावरचा

मी भाऊजींच्या बाजूने. डेल्टाचं उदाहरण सगळे देतात कारण ते गोड आहे. २०१२ चं अमेरिकन एअरलाइन्सचं बघा. नोव्हेंबर २०११ ला कंपनी दिवाळखोरीत गेली, मॅनेजमेंट म्हणालं आम्ही एकटेच उभे राहू, पायलटनी एवढं एवढं सोडावं, ही आमची शेवटची ऑफर. ऑगस्ट २०१२ ला मतदान झालं आणि ६१ टक्के लोकांनी सरळ नाही म्हटलं. सप्टेंबरमध्ये कोर्टाने कंपनीला जुना करार मोडायची परवानगी दिली तरी लोक हलले नाहीत, मग विमानं लेट, रद्द, कंपनी म्हणते पायलट मुद्दाम करतायत, युनियन म्हणते छे हो. डिसेंबरपर्यंत कंपनीला नवीन ऑफर आणावी लागली, ती तीन चतुर्थांशच्या आसपास लोकांनी मान्य केली. फेब्रुवारी २०१३ ला यूएस एअरवेजबरोबर विलीनीकरण जाहीर, आणि गादीवर कोण तर यूएस एअरवेजचे डग पार्कर. ऑगस्टमध्ये सगळ्यांनी "ताटातलं घ्या" ऐकलं असतं तर?

कळवेकर

उंटावरून उतरा जरा. अमेरिकनच्या पायलटनी नाही म्हटलं तेव्हा त्यांच्या खिशात दुसरं स्थळ तयार होतं. एप्रिल २०१२ लाच तिन्ही युनियननी पार्करशी आधीच कराराची बोलणी करून ठेवली होती. दुसरं स्थळ पक्कं असताना पहिल्याला नकार देणं याला हिंमत नाही म्हणत, हिशोब म्हणतात.

ज्यांच्याकडे दुसरं स्थळ नसतं त्यांचं काय होतं ते एअरट्रानमध्ये दिसलं. २०११ ला साउथवेस्टने एअरट्रान घेतली. याद्या एकत्र करायचा पहिला प्रस्ताव आला तो एअरट्रान युनियनच्या पुढाऱ्यांनी मतदानाला टाकलाच नाही, वरच्यावर फेटाळला. साउथवेस्टकडून सूचक बोलणं सुरू झालं की मग दोन कंपन्या वेगळ्याच ठेवता येतात बरं का. दोन-तीन महिन्यांत दुसरा प्रस्ताव आला, आधीच्यापेक्षा वाईट, आणि तो त्याच पायलट लोकांनी प्रचंड बहुमताने मुकाट मान्य केला. जाई ताई, भाऊजींना एकच विचारा, तुमचं दुसरं स्थळ कुठलं?

जाईजुई

नेमकं हेच मी विचारलं होतं कळवेकर. तो म्हणाला "ही काय लग्नाची बोलणी आहेत का" आणि गॅरेजमध्ये गेला.

बिनसाखरेचा

माफ करा पण मला यात रडण्यासारखं काय आहे तेच कळत नाहीये. इथे लोकांना नोकऱ्या नाहीत आणि कॅप्टन साहेबांना प्रश्न पडलाय की पगारवाढ घेऊ का अजून मोठी घेऊ. ड्रायव्हरच ना शेवटी. आमच्या एसटीच्या ड्रायव्हरला कोणी मतदान विचारलं होतं का?

गिरणगावचा नातू

बिनसाखरेचा, एसटीचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं, मी तर शीर्षक वाचून एसटीच्याच विलीनीकरणाचा धागा समजून आत आलो 😄 पण गंमत सोडा. २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटीची माणसं संपावर होती, मागणी एकच, सरकारमध्ये विलीनीकरण. पगार वाढवून दिला तरी मागे हटले नाहीत, शेवटी कोर्टाने कामावर जा सांगितलं म्हणून गेले, विलीनीकरण काही मिळालं नाही. त्या पाच-साडेपाच महिन्यांत मधल्या पगारवाढीवर गुप्त मतदान घेतलं असतं तर काय निकाल लागला असता? मला खरंच माहीत नाही, आणि कोणालाच माहीत नाही, कारण विचारलंच नाही.

आजोबा परळला गिरणीत होते. १९८२ चा संप. तेव्हा मान्यताप्राप्त युनियन कोण तर राष्ट्रीय मिल मजदूर संघ, कायदाच तसा होता, १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, बोलणी करायचा हक्क फक्त त्या एका युनियनला. अडीच लाख कामगार डॉक्टर सामंतांच्या मागे रस्त्यावर, आणि टेबलावर बसायचा अधिकार ज्यांच्या मागे कोणी नाही त्यांना. गुप्त मतदान घ्या ही मागणी तेव्हाही होती. आजोबा शेवटपर्यंत एकच सांगायचे, अरे आम्हाला कुणी कागद दिलाच नाही हो का नाही लिहायला. म्हणून जाई ताई, मत काहीही दे म्हणा, पण ते बटण दाबायला मिळतंय हेच मला मोठं वाटतं.

रेघोट्या

मी भारतात उडवतो, त्यामुळे वरचं सगळं वाचून थोडं हसू पण आलं. आमच्याकडे करार म्हणजे एचआरची ईमेल. खाली पीडीएफ, त्याखाली तारीख. माझ्या आधीच्या कंपनीत विलीनीकरणाच्या वेळी आली तशी, मी तेव्हा लेओव्हरला होतो, हॉटेलच्या बाथरूममध्ये बसून अडतीस पानं मोबाईलवर वाचली कारण रूममध्ये नेट येत नव्हतं. सही ज्याची त्याने करायची. मतदान वगैरे काही नाही, तुमचं तुम्ही ठरवा आणि शेजारच्याने काय केलं ते व्हॉट्सअॅपवरच्या अफवांमधून ओळखा.

विस्ताराचं एप्रिल २०२४ आठवत असेल सगळ्यांना. एअर इंडियात विलीन व्हायच्या आधी पगाराची पद्धत बदलली, आधी महिन्याला ७० तासांचा पगार पक्का होता तो ४० तासांवर आणला, वरचे तास उडवाल तसे. फर्स्ट ऑफिसर लोकांना जास्त फटका. कंपनीने सांगितलं ९८ टक्के पायलटनी सही केलीय. आणि त्याच आठवड्यांत पायलट आजारी पडत होते, विमानं रद्द होत होती, शेवटी कंपनीला रोजची पंचवीस-तीस उड्डाणं कमी करावी लागली. आता मला सांगा ९८ टक्के हो असलेल्या कंपनीत हे होतं का? सही म्हणजे मत नाही. एकेकट्याकडून सही घेतली की सगळे हो म्हणतात, आणि नाही मग असं बाहेर पडतं. सोडून जायचं म्हटलं तर फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष नोटीस, २०१७ पासूनचा नियम.

बिनसाखरेचा, ड्रायव्हर म्हटल्याचा राग नाही, माझी आई पण तेच म्हणते. पण लायसन्ससाठी घेतलेलं कर्ज अजून फिटतंय, तेवढं लक्षात ठेवा.

नेमस्त

चर्चेत एक घोळ होतोय तो आधी निस्तरू. करारावर मतदान असतं, यादीवर बहुतेक वेळा नसतं. दोन्ही बाजूंचं जमलं नाही की यादी लवादाकडे जाते आणि तो देईल ती बांधील. २००७ च्या शेवटी यासाठी अमेरिकेत कायदा झाला, मॅकास्किल-बाँड म्हणतात, आणि तो का झाला तर २००१ मध्ये अमेरिकनने टीडब्ल्यूए घेतली तेव्हा टीडब्ल्यूएच्या निम्म्याहून जास्त पायलट लोकांना यादीच्या तळाला चिकटवलं. तिथले लोक याला स्टेपल करणं म्हणतात, कागदाला पिन मारतात तसं. दहा-बारा वर्षं नोकरी झालेला माणूस काल लागलेल्या पोराच्या खाली. आणि लगेच ११ सप्टेंबर झालं, कपात आली, तळातले आधी गेले. म्हणजे भाऊजींनी यादीच्या भीतीने नाही मत देऊ नये, यादी या मतपत्रिकेवर नाहीच. बाहेर काम देण्याच्या कलमामुळे देत असतील तर गोष्ट वेगळी, ते कलम एकदा सुटलं की परत मिळत नाही.

उंटावरचा

नेमस्त, यादी मतपत्रिकेवर नसते हे कागदावर खरं. पण यूएस एअरवेजच्या ईस्टवाल्यांनी, म्हणजे मूळच्या यूएस एअरवेजच्या पायलटनी, करून दाखवलंच ना (वेस्टवाले म्हणजे अमेरिका वेस्टचे). २००५ ला अमेरिका वेस्टबरोबर विलीनीकरण, २००७ ला लवाद निकोलाऊ यांनी यादी दिली, सतरा वर्षं नोकरी झालेले ईस्टचे लोक वेस्टच्या नव्या भरतीच्या शेजारी जाऊन बसले. ईस्टवाले संख्येने जास्त. त्यांनी २००८ ला जुनी युनियनच मतदानाने घालवली, स्वतःची नवी काढली आणि ती यादी कधी लागू होऊ दिली नाही. मताची ताकद ती.

कळवेकर

हाहा, आणि किंमत नाही सांगितली. एकत्र करार नाही म्हणून ईस्टवाले २००४ च्या दिवाळखोरीत कापलेल्या पगारावर जवळपास २०१३ पर्यंत उडत राहिले. एकाच रंगाची विमानं, एकच तिकीट, आणि ईस्टचा पायलट वेस्टच्या पायलटबरोबर एका कॉकपिटमध्ये बसायचा नाही. एकत्र यादी लागली ती २०१६ ला, अमेरिकनमध्ये सगळे गेल्यावर. अकरा वर्षं. त्यात किती जण ६५ चे होऊन घरी गेले असतील. जिंकले म्हणे.

जाईजुई

मला घाबरवायला हे पुरे आहे 🙏 आणि आपल्याकडे एअर इंडियाचं पण तेच की. २००७ ला इंडियन एअरलाइन्सबरोबर एक केली, मतं नाहीत, एक करार नाही, नुसती पाटी बदलली. २०११ ला एका बाजूचे पायलट संपावर, समान पगार द्या म्हणून. २०१२ ला दुसऱ्या बाजूचे, नव्या ड्रीमलायनर विमानांचं ट्रेनिंग त्यांना का देता म्हणून, तो ५८ दिवस चालला. पाच वर्षांनंतर! न्यायमूर्ती धर्माधिकारींची समिती बसवावी लागली दोन्हीकडचे पगार-बढत्या जुळवायला. म्हणून मी म्हणते आधी एक करार करून मोकळे व्हा.

रेघोट्या

ताई तुमचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय. तिथे भांडण झालं कारण वरून लादलं. इथे "आधी मोकळे व्हा" म्हणून घाईत हो म्हणायला लावलं तर ते पण लादणंच ना, फक्त गोड बोलून. आणि तो नाही म्हणाला म्हणजे कंपनी बुडत नाही, तिथल्या कायद्यात जुना करार तारीख संपली तरी नवा होईपर्यंत चालूच राहतो. पगार तोच येत राहील.

माजी कॅशियर

पायलट नाही, बँकेत होतो. आमची छोटी बँक मोठ्या बँकेत गेली तेव्हा पगार वाढला, सगळे पेढे वाटत होते. मग बदल्यांची यादी आली. मोठ्या बँकेच्या लोकांना आम्ही निवृत्त होईपर्यंत "त्या बँकेतले" होतो, चहाला बोलवायचे पण प्रमोशनच्या वेळी फाईल खाली जायची. पेढ्यांबद्दल माझं अजूनही काही म्हणणं नाही, चांगले होते.

जाई ताई, तुम्ही पगार वाढतोय ते सांगितलं, पण मिस्टरांचं वय किती आणि दुसऱ्या कंपनीतले लोक सरासरी त्यांच्यापेक्षा तरुण का म्हातारे, ते नाही सांगितलं. मला वाटतं सगळं तिथेच आहे. समोरचे म्हातारे असतील तर ते भराभर रिटायर होतील आणि आकडा पळत खाली येईल.

जाईजुई

हा ४१. समोरचे तरुण आहेत हो, तीच तर मेख आहे, तिकडे गेल्या तीन-चार वर्षांत प्रचंड भरती झालीय. म्हणजे यादी कशीही लागली तरी वरून कोणी पटापट जाणार नाही. हे मी आधी लिहायला हवं होतं का?

कळवेकर

हो!! हे पहिल्या वाक्यात हवं होतं. आता मला पण भाऊजींचं थोडं पटायला लागलं. आकडा जागेवरच राहणार असेल तर कॅप्टनच्या खुर्च्या किती शिल्लक राहतात ते महत्त्वाचं, आणि छोटी विमानं बाहेर दिली की नेमक्या त्याच खुर्च्या जातात. तरी माझं मत हो कडेच, पण मघाच्या एवढं ठाम नाही.

बिनसाखरेचा

मी ड्रायव्हर म्हणालो ते मागे घेतो. बाकी नाही.

जाईजुई

अपडेट. काल रात्री उशिरा ट्रिपवरून आला, युनिफॉर्म न काढताच डायनिंग टेबलवर धागा वाचला सगळा, माजी कॅशियर काकांच्या पेढ्यांवर हसला. मग लॅपटॉप उघडला, माझ्याकडे पाठ करून काहीतरी दाबलं आणि बंद केला. काय दिलंस विचारलं तर म्हणे गुप्त मतदान आहे, गिरणगावच्या नातवाला विचार. आता गुरुवारी निकालच बघायचा. पोरीने त्याच्याकडून काढून घेतलंय बहुतेक, पण ती मला सांगायला दहा डॉलर मागतेय.