'नेक्सस'ला मराठीत काय म्हणावं? पाणी, वीज आन अन्नाचा प्रश्न

तिवसेकर:
मंडळी एका शब्दावर अडलोय. गावच्या शेतकरी गटासाठी मराठीत माहितीपत्रक लिहून द्यायचंय, विषय आहे वॉटर-एनर्जी-फूड नेक्सस, म्हणजे देशाचं पाणी, वीज आणि अन्न यांचं नियोजन तीन टेबलांवर वेगवेगळं न करता एकत्र करायचं, तेही पुढच्या पिढीला पुरेल असं. 2011 मध्ये जर्मनीतल्या बॉन शहरात यावर परिषद झाली होती, तेव्हापासून हा शब्द सगळीकडे चालतोय. मला सहसंबंध, अनुबंध, परस्परावलंबन एवढंच सुचलं, पण हे वाचून आमच्याकडचा माणूस पत्रक घडी करून खिशात टाकेल. आणि पेपरात नेक्सस म्हटलं की पुढारी आणि वाळूमाफियांचं साटंलोटं. वावरात चालेल असा शब्द सांगा.

सिंदीची ताई:
भाऊ, साटंलोटं हा मुळात वाईट शब्द नाही. ज्या घरी मुलगी दिली त्याच घरची मुलगी सून करून आणायची, याला साटंलोटं म्हणत. एका घरात भांडण झालं की दुसऱ्या घरातली लेक माहेरी येऊन बसायची, आणि पाण्या-विजेचं नेमकं तसंच आहे, कोळशावरच्या वीज केंद्राला वाफेसाठी आणि थंड करण्यासाठी पाणी लागतं, 2013 च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, आणि इकडे विहिरीत पाणी असून लाईन (वीज) नाही म्हणून हरभरा वाळतो. अर्थानं शब्द अगदी बसतो पण आता तो भ्रष्टाचाराला चिकटला, पत्रकात घालू नका, लोक भलताच अर्थ घेतील.

अकोट_72:
सांगड म्हणा. सांगड म्हणजे मुळात एकत्र बांधलेल्या दोन होड्या किंवा भोपळे, नदी उतरायला. पाणी-वीज-अन्न सांगड. सोपं आहे.

पवनीवाला:
सांगड चांगला हाये, शीर्षकात घाला, पण तो कागदावर बसते, वावरात नाही. आमच्या भंडाऱ्याकडं तिन्ही गोष्टीले एकच शब्द आधीपासून हाये, पाळी. कालव्याचं पाणी सुटलं का पाणीपाळी, लाईन काही दिवस दिवसा काही दिवस रात्री येते तं ती लाईनची पाळी, आन वावरात वखर फिरला का एक पाळी झाली, दुसरी पाळी झाली असंच म्हणतेत. जलसंपदा खात्याच्या कागदातली शेजपाळी बी यातलीच, लागून लागून असलेल्या वावरांनी एकामागून एक पाणी घ्याचं आन सुरुवात टेलपासून, म्हणजे कालव्याच्या शेवटापासून, करून हेडकडं, म्हणजे कालव्याच्या तोंडाकडं, याचं, नाही तं हेडवालाच सगळं भरून घेते आन टेलवाल्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, भेगा.

आता अडचण अशी का पाणीपाळी एक खातं ठरवते, लाईनची पाळी दुसरं खातं ठरवते आन धानाची रोवणी कधी कराची ते पाऊस ठरवते, आन कोणी कोणाले विचारत नाही. वैनगंगेवरचं गोसीखुर्द धरणच पहा, पायाभरणी 1988 ची, राष्ट्रीय प्रकल्प झाला 2009 ले, त्यातल्या टेकेपार, नेरला, मोखाबर्डी या उपसा सिंचन योजना, म्हणजे तिथं पाणी पंपानं वर चढवा लागते, वीज गेली का कालवाच बंद. याच्या उलट आमचे मामा तलाव, माजी मालगुजारी तलाव हो, मालगुजार म्हणजे गावचे जुने जमीनदार, जुन्या काळी कोहळी लोकांनी बांधले, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत आजही हजारोंनी हायेत, तिथं पाणी उतारानंच बांधीत येते, एक युनिट वीज लागत नाही, तलावात मासोळी होते, गाळ वावरात टाकला का खत. तलाव गाळानं भरले, पाळा फुटल्या (ही तलावाची पाळ वेगळी, घोळ करू नका), मंग लोकांनी बोअर मारले आन उन्हाळी धान सुरू झाला. एक किलो तांदळाले सरासरी अडीच हजार लिटर पाणी लागते असं शास्त्रज्ञ सांगतेत, भर मे महिन्यात ते पाणी मोटरीनं उपसाचं म्हणजे किती वीज जाते हिशेब करा. मले मनापासून वाटते का गाळ काढाले दिलेला पैसा हा वीज वाचवाचा पैसा हाये, पण ऊर्जा खात्याच्या कोणत्याच कागदात तलाव दिसत नाही.

तिवसेकर:
दादा हे फारच कामाचं सांगितलं. पाळी घेतला तर आणखी एक अर्थ त्यात येतो, पहिली पाळी कोणाची? 2003 च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता, 2011 मध्ये बदलून शेती दुसरी केली. अप्पर वर्धा धरणाचं पाणी वीज प्रकल्पाला द्यायचं की ओलिताला यावरून आमच्या अमरावतीत आंदोलनं झाली ती याच क्रमावरून. आणि दोन्हीला पुरवायचा रस्ताही विदर्भातच आहे, नागपूरच्या भांडेवाडीतलं सांडपाणी शुद्ध करून रोज 13 कोटी लिटर कोराडीच्या वीज केंद्राला देण्याचा प्रकल्प झाला, तेवढं पेंच धरणाचं पाणी मोकळं होतं.

सिंदीची ताई:
फक्त नुसतं पाळी लिहू नका, बायांच्या गटात वाचताना आधी मासिक पाळीच आठवते. पाणीपाळी, वीजपाळी असे जोडशब्द करा.

मोर्शीचा बागवान:
एक मुद्दा राहिला जी. सौर पंपाले पाळीच नाही. ऊन हाये तोवर मोटर चालू, बिल नाही, रात्रीचं साप-डुकराच्या भेवानं जाणं नाही, हे लय चांगलं झालं, मी बी बसवला. पण आमच्या वरुड-मोर्शीत संत्र्यापायी जमिनीतलं पाणी आधीच पार खाली गेलं, डार्क झोन म्हणतेत त्याले, तिथं फुकट ऊर्जा म्हणजे उपसा आणखी वाढणार. सौर कृषी वाहिनी योजनेत पूर्ण फीडरच, म्हणजे शेतीपंपांची पूर्ण लाईनच, सौर विजेवर चालते, दिवसा ठरलेले तास लाईन भेटते, म्हणून तिथं पाळी टिकून राहते. माझ्या मतानं पाणी खाली गेलेल्या गावात फीडरवालीच पद्धत पाहिजे, आन वावरातल्या सौर पंपासंगं ठिबक सक्तीचं. पत्रकात हे लिहा, नुसत्या शब्दानं भागत नाही.

तिवसेकर:
लिहितो. शीर्षक 'पाणी-वीज-अन्न सांगड' आणि आत पाणीपाळी, वीजपाळी, पीकपाळी असं करतो, तुमचा सौर पंपाचा मुद्दा वेगळ्या चौकटीत. शेवटचं एक, ओलित का ओलीत?

अकोट_72:
ओलीत, ली दीर्घ. पण ओलिताखाली, ओलिताची असं लिहिताना ऱ्हस्व.