मुतखडा + लघवीत इन्फेक्शन, दादासाठी सल्ला हवा (रावेर साईड)

तापीकाठ
नमस्कार मंडळी. मोठा भाऊ, वय ४४, केळीच्या बागेत काम, म्हणजे मे महिन्यातसुद्धा दिवसभर उन्हात आणि पाणी किती पितो ते त्यालाच माहीत. मंगळवारी डाव्या कुशीत असं दुखलं की गडी खाटेवर गडाबडा लोळायला लागला. सोनोग्राफीत ७ एमएमचा खडा निघाला, पार खाली मूत्राशयाजवळ नळीत अडकेल आहे म्हणे, आणि लघवीच्या रिपोर्टात पस सेल (पुवाच्या पेशी) भरपूर. ७ दिवसांचं अँटिबायोटिक, रात्री टॅमसुलोसिन, दुखलं तर डायक्लोफिनॅक आणि जळजळीचं सायरप दिलंय. आता तीन दिवसांत दुखणं थांबलं तर दादा म्हणतो गोळ्या बंद, आई कुळथाचं पाणी न पानफुटीची पानं देतेय. गोळ्या सोडल्या तर चालेल का? आणि जळगावला दाखवावं की थेट नाशिक? शुगर पण आहे त्याला, ते लिहायचं राहिलं.

भरीतप्रेमी
घाबरू नको भो. माझा ४ एमएमचा पानफुटीनेच पडला, रोज दोन पानं उपाशीपोटी. ऑपरेशनच्या नादी लागू नका.

मेडिकलवाला_धुळे
भरीतप्रेमी, ४ एमएमचा बहुतेक वेळा आपला आपणच पडतो, नाव पानफुटीचं होतं. 😄
तापीकाठ भाऊ, शुगर ही शेवटी सांगायची गोष्ट नाही. शुगर आणि लघवीत इन्फेक्शन आणि वर नळीत खडा, हे तिन्ही एकत्र असले की मी काऊंटरवरूनच माणसाला डॉक्टरकडे पिटाळतो. अँटिबायोटिक मध्येच सोडायचं नाही, दुखणं थांबलं म्हणजे जंतू मेले असं नसतं. गोळी सुरू व्हायच्या आधी लघवीचं कल्चर दिलं होतं का ते बघा, दोन-तीन दिवसांत रिपोर्ट येतो आणि कोणतं औषध लागू पडतं ते त्यातच कळतं, लोक पैसे वाचवायला नेमकी तीच टेस्ट टाळतात.
टॅमसुलोसिनने खडा विरघळत नाही, नळी सैल पडते न खडा खाली सरकायला मदत होते. चक्कर येऊ शकते, रात्री लघवीला उठताना आधी खाटेवर बसायचं मग उभं राहायचं. डायक्लोफिनॅक जेवणानंतरच, आणि क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते सांगणारी रक्ताची टेस्ट) तपासल्याशिवाय मनाने तर अजिबात नको, किडनीवर ताण असेल तर ती गोळी अजून बिघडवते. सायरपचं पण सांगतो, त्याने लघवी अल्कलाईन होते, म्हणजे तिचं आम्ल कमी होतं, जळजळ कमी वाटते, पण काही जंतू स्वतःच लघवी अल्कलाईन करतात आणि त्यातच इन्फेक्शनचा खडा वाढतो, तेव्हा डॉक्टरला न विचारता दुसरी बाटली नेऊ नका.
आणि थंडी वाजून ताप आला तर ही चर्चा बंद, सरळ दवाखाना.

चोपड्याची_वहिनी
आमच्या ह्यांना स्टेंट टाकला होता, म्हणजे किडनीतून मूत्राशयापर्यंत बारीक नळी. घरी आल्यावर लघवी लालसर, सारखं जावंसं वाटायचं, लघवी करताना कुशीत कळ, आम्ही घाबरलो पण स्टेंटने हे होतं. खरी चूक पुढे. नळी काढायची असते हे कोणी धड सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, दुखायचं थांबलं न विसरलो. आठ महिन्यांनी कळलं नळीवरच खडा चढलाय. टाकायची वेळ आलीच तर काढायची तारीख लिहून घ्या.

तापीकाठ
आत्ता रात्री ११ ला दादाला हुडहुडी भरली, ताप १०२. लघवी पण कमी झालीय. क्रोसिन देऊन सकाळी न्यावं का?

मेडिकलवाला_धुळे
सकाळ नाही, आत्ता. नळी बंद न मागे पू साचला तर इन्फेक्शन रक्तात जातं, नुसत्या गोळीने भागत नाही, तुंबलेली लघवी बाहेर काढावी लागते. नाशिक विसरा, जळगाव गाठा, निघताना फोन करून युरोलॉजिस्ट, म्हणजे मूत्रमार्गाचा सर्जन, आहे ना विचारा. सगळे रिपोर्ट, गोळ्यांच्या स्ट्रिप्स, शुगरच्या पण, पिशवीत टाका. खायला काही देऊ नका.

तापीकाठ
चार दिवसांनी लिहितोय, माफ करा. त्याच रात्री स्टेंट टाकला, आत पूच होता. क्रिएटिनिन वाढेल होतं. कल्चर इथेच पहिल्यांदा झालं, ई-कोलाय निघाला आणि आधीची गोळी त्याच्यावर चालतच नव्हती, आता इंजेक्शन सुरू आहे. ताप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरला. खडा इन्फेक्शन गेल्यावर दुर्बिणीने काढणार, दोन-तीन आठवड्यांनी. आई पानफुटीचं नाव काढत नाही आता. दादाचा एकच प्रश्न, शेवभाजी कधी?

मेडिकलवाला_धुळे
उत्तम काम केलं भो. शेवभाजी घरी आल्यावर, पण शेव, पापड, लोणचं म्हणजे मीठच मीठ, हात आखडता. दूध-दही बंद करू नका, लोक उगाच कॅल्शियमला घाबरतात. पाण्याचं मात्र डॉक्टर हो म्हणाले की दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, अडीच लिटर पाणी नव्हे, बागेत घामातच निम्मं जातं.

चोपड्याची_वहिनी
नळी काढायची तारीख लिहिली का?

तापीकाठ
लिहिली वहिनी. कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी, लाल पेनाने.