मदत हवी आहे: लोकलमध्ये उभी धरता येईल अशी घडीची सायकल मुंबईत बनवून घ्यायची आहे

नमस्कार मंडळी,

मुलुंड ते कुर्ला लोकलने आणि कुर्ल्याहून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंतचे साधारण तीन किलोमीटर सायकलने, असा रोजचा प्रवास व्हावा म्हणून मी एका घडीच्या सायकलीचा आराखडा तयार केला आहे. मी यंत्र-आरेखक आहे, पण माझे काम पंपांच्या भागांचे. सायकलीचा सांगाडा मी कधी बांधलेला नाही. त्यामुळे पाइप कापायला देण्यापूर्वी सायकल बांधणाऱ्यांचा, लेथवर काम करणाऱ्यांचा आणि अशा सायकली वापरणाऱ्यांचा सल्ला हवा आहे.

तयार सायकल का घेत नाही, हा प्रश्न पहिल्याच प्रतिसादात येणार, म्हणून त्याचे उत्तर आधीच देतो. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक घडीच्या सायकलींत मधल्या दांड्याला बिजागरी असते आणि पुढचे चाक मागच्या चाकाशेजारी येऊन बसते. लांबी निम्मी होते खरी, पण जाडी वाढते, आणि २० इंची चाके असतील तर ते सगळे धूड लोकलच्या दाराशी दोन माणसांची जागा अडवते. या प्रकारातली सर्वांत नेटकी घडी लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी १९७० च्या दशकात आखलेल्या ब्रॉम्प्टनची: मिटल्यावर ५८५ × ५६५ × २७० मिलिमीटर, शिवाय चेन दोन चाकांच्या मध्ये दडत असल्यामुळे कपड्यांना वंगण लागत नाही. ती माझ्या खिशाला परवडत नाही, हे एक. आणि तिचे १६ इंची टायर ३४९ मिलिमीटरच्या रिमचे आहे, तर लहान मुलांच्या सायकलीचे कुठल्याही दुकानात मिळणारे १६ इंची टायर ३०५ मिलिमीटरच्या रिमचे असते, हे दुसरे. (दोन्ही टायरांना १६ इंचीच म्हणतात. ही माप-पद्धत कोणी आणि कोणत्या मनःस्थितीत ठरवली असेल, कोण जाणे.)

पण माझा मूळ आक्षेप घडी कोणत्या दिशेला घातली जाते, यावर आहे. लोकलमध्ये पायाखालची जागा महाग आणि उंची फुकट. त्यामुळे बसकी आणि आटोपशीर सायकल इथे तितकीशी कामाची नाही. उभा माणूस जेवढी जागा व्यापतो तेवढ्यातच मावणारी, उंच पण अरुंद अशी घडी हवी. या अंगाने जाणारे आरेखन आधीच झालेले आहे. मार्क सँडर्स यांनी विद्यार्थिदशेत प्रकल्प म्हणून आखलेली आणि १९८७ साली बाजारात आलेली स्ट्रायडा ही तीन नळ्यांच्या त्रिकोणाची सायकल आहे. तिचा पुढचा खालचा सांधा सोडवला की दोन्ही चाके एकमेकांना खेटतात, आणि मिटलेल्या छत्रीसारखी ती हातात धरून चाकांवरच ढकलत नेता येते. म्हणजे कुर्ल्याच्या पुलाचा जिना सोडला, तर उचलायची वेळ फारशी येऊ नये.

त्रिकोणाचा दुसरा फायदा मला त्याहून मोलाचा वाटतो. मधल्या दांड्यात बिजागरी असली की नेमक्या त्याच जागी दांड्याला वाकवणारा भार येतो. स्वाराच्या वजनाने दांड्याची खालची बाजू ताणली जाते, खड्ड्यागणिक तो ताण वाढतो-उतरतो, आणि वेल्डिंगच्या कडेने चीर जाण्याची भीती राहते. त्रिकोणात, सीट बसवलेली नळी वगळता, नळ्यांवर मुख्यतः सरळ ताण किंवा दाब येतो. साध्या १६ गेजच्या पाइपातही हे जमावे, असे माझे गणित सांगते.

आरे नसलेल्या, दांडे नसलेल्या संकल्पना-सायकलींची चित्रे मी मुद्दाम बाजूला ठेवली आहेत. स्वीडनमध्ये १९८२ साली इटेरा नावाची प्लास्टिकची सायकल मोठ्या अपेक्षेने निघाली आणि काही वर्षांतच तिचे उत्पादन थांबले. मला नाक्यावरच्या सायकलवाल्याला ओळखीचे वाटतील असे भाग हवे आहेत.

आता अडचणी. चाके एकमेकांना खेटायची, तर ती एकाच बाजूने धरलेली हवीत. म्हणजे पुढच्या चिमट्याला एकच पाय आणि मागेही एकच बाहू. हे अशक्य नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमन यांनी ज्या लोटस १०८ वर सुवर्णपदक मिळवले, तिचे पुढचे चाक एकाच बाजूने धरलेले होते. पण ती कार्बन फायबरची सायकल गुळगुळीत ट्रॅकवर धावत होती, आणि माझी पावसाळ्यात कुर्ल्याच्या रस्त्यावरून जाणार आहे. साध्या हबचा (चाकाच्या मधल्या तुंब्याचा) आस जेमतेम १० मिलिमीटरचा असतो आणि दोन्ही टोकांना आधार आहे, असे धरूनच तो बनवलेला असतो. एका बाजूने धरायचे झाल्यास हब कोणता वापरावा, की सरळ नवा कातून घ्यावा?

दुसरी शंका हँडलच्या स्थैर्याची. ३०५ च्या रिमवर ४४ मिलिमीटरचे टायर धरले तर चाकाची त्रिज्या सुमारे १९६ मिलिमीटर होते. हँडलच्या नळीचा कोन ७२ अंश आणि चिमट्याला ३० मिलिमीटरचा बाक दिला, तर चाक जमिनीला टेकते तो बिंदू हँडलच्या अक्षरेषेच्या मागे जेमतेम ३२ मिलिमीटर राहतो. मोठ्या चाकांच्या सायकलीत हे अंतर ६० च्या आसपास असते. बाक अजिबात दिला नाही, तर माझ्याही आराखड्यात ते ६४ होते. मात्र डेल्फ्ट (नेदरलँड्स) आणि कॉर्नेल (अमेरिका) या विद्यापीठांतील संशोधकांनी २०११ साली हे अंतर किंचित उलट्या दिशेचे असूनही आपोआप सावरणारी सायकल बनवून दाखवली, त्यामुळे या एकाच आकड्यावर किती विसंबावे, ते कळत नाही. लहान चाकाची सायकल रोज चालवणाऱ्यांनी अनुभव सांगावा.

शेवटचा प्रश्न चेन की बेल्ट, हा. बेल्टला गंज नाही आणि तेलही नाही. पण तो तुटला तर कुर्ल्यात मिळणार नाही. खर्चाची मर्यादा पंचवीस हजार, वजनाची १२ किलो, आणि माझे स्वतःचे वजन ७० किलो. असे एकट-दुकट काम मनापासून करणारा कारागीर मुंबईत कुठे शोधावा, हेही सांगावे.

प्रतिसाद

धागाकर्त्यांचा आराखडा वाचून आनंद झाला. माझा लेथचा व्यवसाय आहे, तेव्हा आसापुरते बोलतो.

चाकावर स्थिर भार ७०० न्यूटन धरा, खड्ड्यासाठी त्याची तिप्पट करा, आणि चाकाच्या मध्यापासून पहिल्या बेअरिंगपर्यंत ५० मिलिमीटर अंतर घ्या. १० मिलिमीटरच्या आसात वाकण्याचा ताण प्रति चौरस मिलिमीटर हजार न्यूटनच्या वर जातो, म्हणजे तो वाकणारच. १७ मिलिमीटरला तो सुमारे २१८ आणि २० मिलिमीटरला १३४ होतो. पुढच्या चाकाला १७ चा स्थिर आस आणि ६२०३ बेअरिंग चालेल. मागे मात्र आस चाकाबरोबर फिरता ठेवा: बाहूला बेअरिंगचे घर वेल्ड करून त्यात ६००४ क्रमांकाची दोन बेअरिंगे, डाव्या टोकाला चाक आणि उजव्या टोकाला १.३७५ इंच, २४ आट्यांच्या थ्रेडवर नेहमीचे फ्रीव्हील. फिरत्या आसात प्रत्येक फेऱ्याला ताण उलटतो, म्हणून तिथे २० पेक्षा कमी घेऊ नका. ईएन-८ या मध्यम-कार्बन पोलादाचा गज पुरे आहे. आसाची जाडी बदलते त्या खांद्याच्या कोपऱ्यात धारदार खाच न ठेवता गोलाई ठेवायला सांगा. असे आस नेहमी तिथूनच जातात. दोन्ही चाके बाहूंच्या डाव्या अंगाला ठेवलीत, म्हणजे चालवताना ती एका रेषेत राहतील.

बेल्टचा नाद सोडा. मागचे फ्रीव्हील १६ दात्यांचे आणि पेडलजवळचे दातेरी चाक ५२ दात्यांचे घेतले, तर पेडलच्या एका फेऱ्यात ही सायकल चार मीटर जाईल. मोठ्या काळ्या सायकलीत ४४ आणि १८ दात्यांवर साडेपाच मीटर मिळतात, पण मिनिटाला साठ फेरे मारले तरी तुमचा वेग ताशी १४ किलोमीटरच्या पुढे राहतो, आणि तीन किलोमीटरच्या सपाट रस्त्याला तेवढा भरपूर झाला. बेअरिंगे आणि चेन नागदेवी स्ट्रीट ते काळबादेवी या टप्प्यात पायी फिरून मिळतील.

प्रतिसाद

१६ इंची चाकाची सायकल मी दादर-परळ भागात रोज चालवते. हँडल चपळ असते, त्याची सवय होते; पण एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने वळण्याची खूण करणे कठीण जाते, ही तक्रार कायम आहे. बाक न देण्याचा आपला विचार मला योग्य वाटतो. खरा त्रास खड्ड्याचा आहे, कारण मोठे चाक ज्या खळग्यावरून निघून जाते त्यात लहान चाक उतरते. शक्य तेवढे रुंद टायर घ्या आणि हवा दगडासारखी भरू नका. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक लावा. पावसात रिम भिजली की रबरी ठोकळ्यांचे ब्रेक उशिरा लागतात. आपण ब्रेकबद्दल काहीच लिहिलेले नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. फिरत्या आसाची कल्पना आराखड्यात घेतो. त्यामुळे चेन आणि चाक बाहूच्या दोन अंगांना जातात आणि मिटताना चेन चाकांच्या आड येत नाही, हा फायदा माझ्या ध्यानात आला नव्हता. डिस्क ब्रेकची चकती पुढच्या हबच्या उजव्या अंगाला, चिमट्याच्या पायाजवळ बसवावी लागेल. बाजारातले कॅलिपर (चकती दोन्हीकडून दाबणारा भाग) चिमट्याच्या डाव्या पायासाठी केलेले असतात. तो उजवीकडे पायाच्या मागे लावला तर चकती त्यातून उलट्या दिशेने फिरेल, आणि पायाच्या पुढे लावला तर ब्रेक दाबताना तो पायापासून सुटू पाहील, असे दिसते. हे कोणी प्रत्यक्ष करून पाहिले असल्यास कोणती जागा निवडली आणि बोल्ट किती जाडीचे घेतले, ते कळवावे. चिमट्याचा पाय वेल्ड करायला त्यानंतरच देईन.