शब्दचर्चा: 'कोरं' नाणं, तकाकी, जंगाल

चिल्लरखुर्दा:
लिंकनच्या चेहऱ्याच्या अमेरिकन सेंटवर (1909 पासूनचे, तांब्याचे) नवख्या संग्राहकांसाठी मराठीत टिपण करायचं आहे. 'अनसर्क्युलेटेड'ला कोशातला 'अव्यवहृत' जिभेवर बसत नाही. 'चलनबाह्य' चालेल का? लस्टर (नाण्याची मूळ चमक), टोनिंग (काळाने बदललेला रंग) आणि व्हर्डिग्रिस (तांब्यावरचा हिरवा थर) यांनाही शब्द हवेत. नुसता प्रतिशब्द नको, तो नाण्यावर कुठे बघायचा तेही सांगा.

टांकसाळ:
'चलनबाह्य' नको. त्याचा अर्थ चलनातून बाद झालेलं. ढब्बू पैसा चलनबाह्यच आहे, पण हाती येणारे बहुतेक ढब्बू पैसे झिजून गुळगुळीत झालेले असतात. अनसर्क्युलेटेड म्हणजे टांकसाळीतून निघून व्यवहारात न फिरलेलं, म्हणून झीज नसलेलं. नोटेला आपण 'कोरी करकरीत' म्हणतोच, तसं 'कोरं नाणं' म्हणा. ज्या चकतीवर अजून छाप पडलेला नाही तिला मात्र 'बिनछापाची चकती' म्हणा, 'कोरी चकती' म्हटलंत तर घोटाळा होईल.

कल्हईवाला:
'कोरं' ठीक आहे, पण टिपणात पहिल्याच ओळीत लिहा की कोरं म्हणजे चकचकीत नव्हे. नाण्याची अवस्था आकड्यात सांगणाऱ्या, शेल्डन या अमेरिकन संग्राहकांच्या 1 ते 70 या मापात (1949 साली त्यांनी ते जुन्या मोठ्या सेंटसाठी आखलं) 60 ते 70 हा पट्टा कोऱ्या नाण्यांचा. एमएस-60 मध्ये (एमएस म्हणजे 'मिंट स्टेट', कोरं) झीज नसते, पण थैलीत एकमेकांवर आपटून पडलेले ओरखडे भरपूर. एयू-58 ला (एयू म्हणजे जवळजवळ कोरं) उंच भागांवर किंचित घासलेलं असतं, तरी ते दिसायला पुष्कळदा एमएस-60 पेक्षा सरस. झीज, ओरखडे आणि रंग या तीन गोष्टी वेगळ्या. मराठीत तिन्हीला 'खराब झालंय' म्हणून मोकळे होतात, तिथेच प्रतवारी चुकते. ('प्रतवारी' हाच शब्द वापरा. कापसाची, आंब्याची होते, नाण्याचीही होते.)

चिल्लरखुर्दा:
झीज नेमकी कुठे बघायची?

कल्हईवाला:
छाप्याच्या बाजूला लिंकनच्या गालाचं हाड, जबडा आणि कानावरचे केस. 1958 पर्यंतच्या सेंटच्या मागे गव्हाच्या लोंब्या आहेत, त्यांच्या देठातल्या समांतर रेषा. 1959 ते 2008 च्या सेंटच्या मागे लिंकन स्मारक, तिथे पायऱ्या आणि खांब. 5 ते 7 पट मोठं दाखवणारं भिंग आणि एकच पिवळा बल्ब पुरे. ट्यूबलाइटखाली बघू नका, तिचा पसरट उजेड सगळं लपवतो. नाणं सपाट धरून बघण्यातही अर्थ नाही, कडेने पकडून उजेडाखाली हळूहळू कलतं करत फिरवा. कोऱ्या नाण्यावर उजेडाचा पट्टा गोल फिरतो आणि उंच भागावरूनही न तुटता जातो. घासलेल्या गालावर तो तुटतो आणि तेवढाच भाग मळकट तपकिरी दिसतो.

एक फसवी जागा. 1920 च्या दशकातल्या डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या टांकसाळींच्या सेंटवर छापच कमजोर असतो, लोंब्यांच्या रेषा मुळात उठलेल्याच नसतात. नवखा त्याला झीज समजतो. फरक रंगात आणि तकाकीत: कमजोर छापावर तकाकी शाबूत असते.

टांकसाळ:
'तकाकी' बरोबर निवडलीत. लस्टरला 'झिलई' लिहिलेलं वाचलंय, ते चूक. झिलई वरून देतात, तकाकी आतली असते. ठसा दाबला की चकतीतलं तांबं मध्यातून कडेकडे वाहतं आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उठतात. उजेड त्यांवरून परततो, त्याचा तो फिरता पट्टा. या रेषा एकदा गेल्या की परत येत नाहीत. झिलई दिलेलं नाणं चमकतं, पण पट्टा फिरत नाही.

पैपैसा:
म्हणजे चिंच, लिंबू-मीठ बंद?

टांकसाळ:
कायमचं. देवाच्या तांब्याला ठीक, नाण्याला नाही. आम्ल वरच्या थराबरोबर त्या रेषांचे माथेही खातं, नाणं गुलाबी-भगवं, मेलेल्या रंगाचं होतं. मिठातला क्लोराइड सूक्ष्म खाचांत उरतो आणि दमट हवेत तांबं खाऊन हिरवा थर चढवायला लागतो. अशा नाण्याला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आकडाच देत नाहीत, 'साफ केलेलं' असा शेरा मारतात.

कल्हईवाला:
रंगांची नावं राहिली. त्या संस्था तीन खुणा लिहितात. त्यांतल्या पीसीजीएस या अमेरिकन संस्थेच्या मापात आरडी (रेड) म्हणजे मूळ रंग सुमारे 95 टक्के किंवा जास्त उरलेला, बीएन (ब्राउन) म्हणजे 5 टक्क्यांहून कमी, मधलं सगळं आरबी (रेड-ब्राउन). 'लाल' म्हणू नका, कोरं तांबं लाल नसतं. आपला 'तांबडा' तांब्यावरूनच आलाय, तोच घ्या: तांबडं, तांबडं-तपकिरी, तपकिरी. हा रंग बदलता असतो. पीसीजीएसने 2010 पासून तांब्याच्या नाण्याच्या रंगाची हमी देणं बंद केलं, ते उगाच नाही. नवख्याने तांबड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, एकसारखं तपकिरी आणि तकाकी असलेलं नाणं घ्यावं. ते टिकतं.

पैपैसा:
टोनिंगला 'कळकणं' म्हणता येईल?

टांकसाळ:
नाही. कळकतं ते ताक, भांडं नव्हे. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट ठेवलं की पदार्थ कळकतो. नाण्याला 'रंग चढला' म्हणा, वाईट असेल तर 'काळवंडलं'. हिरव्यासाठी 'जंगाल' हा जुना शब्द आहे, तो वापरात आणा. 'मोरचूद' लिहू नका, तो वेगळा क्षार. 'गंज' लोखंडाला ठेवा.

कल्हईवाला:
इथे शब्द चुकला तर उपाय चुकतो. नाण्यावर दोन हिरव्या गोष्टी सापडतात. जंगालाचा थर कोरडा, खडबडीत, धातूत रुतलेला असतो. तो ओरबाडून काढलात तर खाली खड्डा दिसतो. दुसरा म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकच्या मऊ पाकिटांतून सुटणारा हिरवट, चिकट थर. हा सुरुवातीच्या अवस्थेत शुद्ध अ‍ॅसिटोनने निघतो. (नखांचं पॉलिश काढायचं पाणी नव्हे, त्यात तेल आणि वास घातलेला असतो.) काचेच्या दोन वाट्या घ्या. पहिलीत नाणं पाचेक मिनिटं, दुसरीत ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये अर्धा मिनिट खंगाळा, मग कडेवर टेकवून सुकू द्या. पुसू नका, चोळू तर नकाच. खिडकी उघडी, गॅस बंद, वाट्या प्लास्टिकच्या नकोत. मुरलेल्या जंगालाला अ‍ॅसिटोनचा उपयोग नाही.

चिल्लरखुर्दा:
ठेवायचं कसं? वाचणारे मुंबई-कोकणातलेही असतील.

कल्हईवाला:
हात धुऊन कोरडे करा, नाणं कडेने धरा, खाली मऊ कापड असू द्या. बोटाचा ठसा लगेच दिसत नाही, काही आठवड्यांनी तपकिरी उमटतो आणि मग जात नाही. नाण्यावर वाकून बोलूही नका, थुंकीच्या तुषाराचे काळे ठिपके पडतात.

सेंटचा व्यास 19 मिमी, त्या मापाची कडक प्लास्टिकची गोल डबी घ्या. पुठ्ठ्याच्या चौकटी स्वस्त, पण त्यांना खिडकी मायलरची (पारदर्शक पॉलिएस्टर पापुद्र्याची) हवी आणि स्टेपलचं टोक पक्कडीने सपाट करायला हवं, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा. रबर, वर्तमानपत्र आणि साधा पुठ्ठा गंधक सोडतात, सागवानी कपाटाचे कप्पे आम्लाची वाफ. डब्या हवाबंद डब्यात घाला. एक-दोन लिटरला 20 ग्रॅम रंग बदलणारं सिलिका जेल पुरतं. दमटपणा 40 टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. पावसाळ्यात कोकणात तो 80 च्या वर असतो, म्हणून डबा जुलैत उघडायचाच नाही. जेलचा रंग बदलला की 110-120 अंशांवर दोन तास भाजा, झाकणाखाली गार करा.

पैपैसा:
1982 नंतरच्या सेंटला हेच?

टांकसाळ:
1982 च्या मध्यात जस्तावर तांब्याचा पातळ मुलामा आला. जुना सेंट 3.11 ग्रॅम, नवा 2.5, त्या एका सालाचे वजन करूनच ओळखायचे. मुलाम्याच्या नाण्यावर बारीक फोड उठतात, ते प्रतवारीत झीज नव्हे, दोष. आणि 'पेनी' हा घरगुती शब्द, नाण्यावर 'वन सेंट' लिहिलेलं असतं. टिपणात 'सेंट' ठेवा, 'पेनी' ब्रिटिशांना राहू द्या.

चिल्लरखुर्दा:
मग ब्रिटिश इंडियाच्या पाव आण्यालाही हेच शब्द लागू?

कल्हईवाला:
शब्द आणि काळजी तीच. तो 1906 पर्यंत तांब्याचा, पुढे ब्राँझचा. डबी मात्र 19 मिमीची चालणार नाही, त्याला 25-26 मिमीची लागते, आणि 1943 ते 47 च्या भोकाच्या पैशाला 21-22 ची. सैल डबीत नाणं हलतं आणि गालाऐवजी कडच घासली जाते.