बाबांना मासे खायला न्यायचंय, बीपी आणि कोलेस्टेरॉल आहे. थाळी घेऊ की सुटं मागवू?

शाहूपुरीकर:
बाबा ६८ वर्षांचे, बीपीची गोळी चालू, कोलेस्टेरॉलही वाढलंय. डॉक्टर म्हणाले मटण कमी करा, मासे चालतील. आमचं खानदान तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेलं, घरात कुणालाच मासे करायला जमत नाहीत. रविवारी राजारामपुरीत मालवणी थाळी खायला जायचं ठरलंय. बाबा सुरमई फ्राय मागवणार हे नक्की. काय घ्यावं, काय टाळावं?

रंकाळा_कट्टा:
भावा, आता काय मासा उकडून खायचा व्हय? खाऊ दे की म्हाताऱ्याला. दुसऱ्या दिवशी रंकाळ्याला एक चक्कर जास्त.

देवगडची_लेक:
चकरा मारून मीठ उतरत नाही हो दादा.

माहेर देवगड, सासर कोल्हापूर, त्यामुळं दोन्ही ताटं ओळखीची. दोष माशाचा कमी, त्याच्याभोवतीच्या पसाऱ्याचा जास्त. रस्सा, सुकटीची चटणी, लोणचं, पापड, सोलकढी, सगळ्यांत मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे सपाट चमचाभर. त्यात आपल्याकडं रस्सा वाटीवर वाटी भुरकायची सवय. म्हणून सुटं मागवा.

सुरमईऐवजी बांगडा घ्या. स्वस्तातला म्हणून लोक नाक मुरडतात, पण हृदयाला बरी ती ओमेगा-३ चरबी बांगड्यात आणि तारलीत भरपूर. सुरमई दुसरे मासे खाऊन वाढते, म्हणून तिच्यात पारा जास्त साठतो. कधीतरी एखादी तुकडी ठीक, दर रविवारी नको. ऑर्डर देतानाच सांगा: रवा नको, तव्यावर, कमी तेलात. रवा तेल पितो. आणि बांगड्याचं तिखलं मिळेल का, विचारा. मेनूकार्डावर नसलं तरी आचारी मालवणकडचा असला तर त्याला लगेच कळेल. मिरची, कोकम, तिरफळ, अंगाबरोबर रस, तळण नाहीच.

एक गोष्ट मात्र कोल्हापुरात बघायचीच. समुद्राचा मासा इथं घाट चढून येतो. बांगडा बर्फाबाहेर राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. ट्रे दाखवायला सांगा. डोळे चकचकीत, कल्ले लाल, बोटानं दाबलं की खळगा भरून आला पाहिजे. लाजायचं कशाला, मटण घेताना खाटकाला दहा प्रश्न विचारतोच की आपण! जून-जुलैत तर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. तेव्हा कुणी "आजचीच सुरमई" म्हणालं तर गालात हसायचं आणि दुसरं काहीतरी मागवायचं.

शाहूपुरीकर:
ताई, लई उपयोगी सांगितलंत. आई कोळंबी मागवणार, कोलेस्टेरॉल तिलाही आहे. बंदच करू का?

देवगडची_लेक:
कोळंबीत कोलेस्टेरॉल असतं खरं, पण संपृक्त चरबी अगदी थोडी, आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवायला तीच जास्त कारणीभूत. डॉक्टरांनी मुद्दाम मनाई केली नसेल तर थोडी चालेल. सुकी घ्या. कोळीवाडा नको, ती पीठ लावून तळलेली असते.

गूळवाला:
युरिक अ‍ॅसिडवाल्यांनी मात्र बांगडा, तारली, कोळंबी जपून. तिन्हींत प्युरिन जास्त, त्याचंच अंगात युरिक अ‍ॅसिड होतं. माझा पायाचा अंगठा असा सुजतो की चप्पल घालवत नाही. तेव्हा ताईंचा बांगडा आम्हाला लांबूनच नमस्कार.

देवगडची_लेक:
बरोबर आहे दादांचं. आधी बाबांचा रिपोर्ट बघा. आणि वडे नकोत, तेही तळलेलेच. भाकरी घ्या.

शाहूपुरीकर:
रिपोर्ट बघितला, युरिक अ‍ॅसिड नॉर्मल. तिखल्याचं बाबांना सांगितलं. म्हणाले, "खातो, पण सुरमईची एक तुकडी येऊ दे." ती तिघांत वाटून घ्यायची, एवढ्यावर तडजोड झालीय.

रंकाळा_कट्टा:
ते सगळं झालं, पण हॉटेल कुठलं ते सांग की!