मोहम्मद अली रोडवर लग्नाची खरेदी करावी का?

गुहागरची वाचक:
नमस्कार. भाचीच्या लग्नासाठी कापड, सुकामेवा आणि अत्तर मुंबईहून आणायचे आमच्या घरी ठरले आहे. शेजारच्या चाची दरवर्षी ईदच्या आधी मोहम्मद अली रोड आणि भेंडी बाजारात जातात आणि तिथल्या मालाची तोंडभरून स्तुती करतात. उलट आमच्याकडची वडीलधारी मंडळी त्या भागाचे नाव काढताच डोंगरीच्या टोळ्या, पाकीटमार आणि चोरीचा माल एवढेच ऐकवतात. ज्यांचा तिथे प्रत्यक्ष वावर आहे, त्यांनी कृपया खरे काय ते सांगावे.

दापोलीकर:
ताई, मी अब्दुल रहमान स्ट्रीटवरच्या एका घाऊक दुकानात बरीच वर्षे हिशेब लिहीत होतो. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे १८६९ साली बांधून झालेली आणि आता महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी मंडई, तिथून उत्तरेकडे चालू लागले की एका बाजूला मंगलदास मार्केटचे कापड, त्यापलीकडे झवेरी बाजार आणि मुंबादेवी, तर सरळ पुढे मिनारा मशीद आणि भेंडी बाजारातला बोहरी मोहल्ला लागतो. गुजराती सराफ, मेमन आणि बोहरी व्यापारी, उत्तरेकडून आलेले हमाल आणि आपले कोकणी मुसलमान हे सगळे इथे एकमेकांच्या उधारीवर धंदा करतात. ती उधारी शब्दावर चालते, हे मी वहीत रोज पाहिले आहे.

टोळ्यांचा लौकिक १९७० आणि ८० च्या दशकांत खोटा नव्हता, पण तो आजच्या गिऱ्हाइकाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. चोर बाजार म्हणजे मटन स्ट्रीट. तिथे मुख्यतः जुने फर्निचर आणि जुन्या वस्तू मिळतात, तुमच्या यादीशी त्याचा संबंध नाही.

अत्तर मात्र घाईने घेऊ नका. चांगला दुकानदार काचेची काडी हाताच्या पाठीवर टेकवतो आणि तुम्हाला बाजारात फिरून यायला सांगतो, कारण पहिला दरवळ उडून गेल्यावर जो वास उरतो, तोच खरा.

चिपळूणची गृहिणी:
दापोलीकरांचे म्हणणे पटते, पण पूर्ण नाही. गर्दीत माझ्या बहिणीची पर्स कापली गेली होती, आणि पदपथावर नामांकित कंपन्यांच्या नावाखाली नकली वस्तू सर्रास मिळतात; तेव्हा पैसे अंगाशी ठेवावेत आणि पक्की पावती मागावी. मात्र मला खरी काळजी वाटते ती तिथे राहणाऱ्यांची. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे गेली. बोहरी समाजाच्या सैफी बुऱ्हाणी न्यासाने सुमारे साडेसोळा एकरांवर पुनर्विकास हाती घेतला आहे आणि काही मनोरे उभेही राहिले आहेत, पण आसपासच्या गल्ल्यांत टेकू दिलेल्या चाळी अजून दिसतात. या वस्तीला नावे ठेवणारे कितीजण त्या चाळींविषयी बोलतात?

रत्नागिरीचा रसिक:
एक गोष्ट राहून गेली. याच भेंडी बाजाराच्या नावाने शास्त्रीय संगीताचे एक घराणे आहे. छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे बंधू उत्तरेतून येऊन इथे स्थायिक झाले. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नझीर खाँसाहेबांकडे शिकल्या, आणि पुढे छज्जू खाँचे पुत्र अमान अली खाँ यांनी लता मंगेशकरांना तालीम दिली. वडीलधाऱ्यांना हेही अवश्य सांगा.

गुहागरची वाचक:
सर्वांची मनापासून आभारी आहे. आम्ही चाचींनाच बरोबर घेऊन जाणार आहोत. कोकणकन्येने पहाटे उतरल्यास कोणता वार सोयीचा?

दापोलीकर:
रविवारी मंगलदास मार्केट बंद असते आणि शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी बरीच दुकाने मिटतात, म्हणून मंगळवार किंवा बुधवार धरा. दुकाने दहा-अकराच्या सुमारास उघडतात. आधी कापड घ्या, सुकामेव्याचे ओझे शेवटी.